तारेचं मागचं टोक

"मॅडम, तार कुठंय?"

रात्रीचे अडीच वाजले होते. भूलशास्त्राच्या रेसिडेन्सीचं माझं दुसरं वर्ष, एका सरकारी रुग्णालयाचा आयसीयू. कॉटवर साठी ओलांडलेले एक आजोबा. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरलेला, रक्तदाब सारखा खाली जात होता. हातांच्या शिरा आखडून गेल्या होत्या, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकायची होती. तोवर मी अशा चाळीसेक लाइन टाकल्या असतील. हात बसला होता.

सुई गेली. सिरिंजमध्ये काळसर रक्त आलं. सुईतून तार आत सरकवली, तारेवरून सुई काढून घेतली, डायलेटरने वाट रुंद केली. आता त्याच तारेवर कॅथेटर ओवायचं, मग तार ओढून घ्यायची की झालं. तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरचा व्हेंटिलेटर कोकलायला लागला. मी मान वळवली. ट्यूबचा जोड निसटला होता. वॉर्डबॉय मामांना हाक मारली, "जोड लावा, आधी तो जोड लावा" म्हणून ओरडले, मान परत फिरवली आणि कॅथेटर पुढे सरकवलं. वीस सेकंदंही गेली नसतील.

सिस्टर माझ्या उजव्या हाताला उभ्या राहून ट्रे आवरत होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या. सुई, ब्लेड, डायलेटर त्यांनी एका कडेला घेतलं आणि विचारलं. मी कॅथेटरच्या मागच्या तोंडाकडे पाहिलं. तिथून तार बाहेर आलेली दिसायला हवी होती. दिसत नव्हती. माझ्या बोटांत फक्त प्लास्टिकची नळी होती.

माझे हात थिजले. सिस्टरांनी काही न बोलता आर्टरी फोर्सेप्स पुढे केला. त्याबरोबर डोकं चालू झालं: कॅथेटर पूर्ण आत गेलेलं नव्हतं, तार बहुधा अजून त्याच्या पोकळीतच होती. कातडीलगत नळी आतल्या तारेसकट चिमट्यात घट्ट दाबली आणि सगळं एकत्र बाहेर ओढलं. तार आली. मागचं टोक नळीच्या तोंडापासून जेमतेम बोटभर आत होतं. मानेवर दहा मिनिटं दाब देऊन उभी राहिले. मग नवा संच मागवला आणि सीनियरनी दुसऱ्या बाजूने लाइन टाकली. आजोबा नवव्या दिवशी घरी गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दक्षिण महाराष्ट्रात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, रेसिडेंट मुलामुलींना याच लाइन टाकायला शिकवते. दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगायचं असतं: तार सोडायची नाही. जगात जिथं जिथं ही लाइन टाकायला शिकवतात तिथं हे वाक्य शिकवलं जातं. ते माहीत नसलेला डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. तरीही जगभर तारा आत राहतात, मोठमोठ्या रुग्णालयांत राहतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ज्या चुका कधीही घडता कामा नयेत अशी एक यादी केली आहे, तीत शरीरात राहून गेलेली तार आहे. माहीत असलेली गोष्ट हातून का निसटते, याचा शोध मी त्या रात्रीपासून घेते आहे. या लेखासाठी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीत, जाऊन उभी राहिले तीही त्यासाठीच.

आधी ही तार मुळात आली कुठून ते सांगते.

१९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून नळी घालत गेलं तर ती थेट हृदयात पोचेल, असं त्याच्या मनाने घेतलं. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक हत्यारं ताब्यात होती सिस्टर गेर्डा डिट्झेन यांच्या. त्याने त्यांना आपल्या बाजूला वळवलं. प्रयोग माझ्यावर करा, असं त्या म्हणाल्या. त्याने त्यांना टेबलावर बांधलं आणि त्यांची नजर चुकवून नळी स्वतःच्या डाव्या हातात घातली. ती होती ६५ सेंटीमीटरची, मूत्रवाहिनीसाठी बनवलेली. मग तसाच चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला, समोर आरसा धरवला आणि त्यात बघत बघत नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकवली. १९५६ साली या कामासाठी त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. मला मात्र ही गोष्ट वाचताना दर वेळी टेबलाला बांधलेल्या सिस्टर दिसतात. हत्यारं त्यांच्या ताब्यात, धोका पत्करायची तयारीही त्यांची, आणि चाललंय काय हे त्यांनाच सांगितलेलं नाही.

नळी आत जाते हे कळलं, पण अडचण राहिली. नळी सुईतून घालायची तर सुई नळीपेक्षा जाड हवी. रोहिणीला एवढं मोठं भोक पाडलं तर रक्त थांबवायचं कसं? नाहीतर कापून रोहिणी उघडी करायची. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात स्वेन-इवार सेल्डिंगर हा तरुण क्ष-किरणतज्ज्ञ याच अडचणीशी झटत होता. त्याचं गाव मोरा, घराणं यंत्रशाळा चालवणारं. एका फसलेल्या प्रयत्नानंतर सुई, तार आणि नळी अशा तीन वस्तू हातात घेऊन तो खिन्न उभा होता, आणि त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या ते त्याला एकाएकी उमगलं. बारीक सुई घाल. सुईतून तार घाल. सुई काढ, तार राहू दे. तारेवरून नळी घाल. तार काढ. १९५३ साली त्याने हे छापलं. डॉक्टरेटच्या प्रबंधाला एवढंसं पुरणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. आज अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, डायलिसिसचं कॅथेटर, मेंदूतल्या रोहिणीतली गुठळी ओढून काढणं, पायाच्या बंद पडलेल्या रोहिण्या उघडणं, हे सगळं त्या पाच पायऱ्यांवर उभं आहे.

त्या पाच पायऱ्या पुन्हा वाचून पाहा. मधल्या काही क्षणांत शरीराला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे तार. सुई निघालेली असते, नळी अजून गेलेली नसते. रक्तवाहिनीच्या आतून आलेली एक सुटी तार, आणि तिचं मागचं टोक कुणाच्या तरी चिमटीत.

नेहमीच्या सेंट्रल लाइनची तार ६० सेंटीमीटरच्या आसपास असते. मानेच्या उजव्या बाजूने ती अठरा-वीस सेंटीमीटर आत गेली की पुरे. त्याहून पुढे सरकली की टोक हृदयाला टोचतं आणि मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडायला लागतात. वीस आत, म्हणजे चाळीस बाहेर. कॅथेटर आणि त्याची मागची शेपटी मिळून तीसेक सेंटीमीटर धरा. म्हणजे कॅथेटर ओवून कातडीपाशी आणलं तरी मागून दहाएक सेंटीमीटर तार बाहेर यायलाच हवी. ती येत नसेल तर तार आधीच नको तेवढी आत गेलेली आहे. अशा वेळी उपाय एकच. कॅथेटर जागच्या जागी धरायचं आणि कातडी व कॅथेटर यांच्यामधून तार मागे ओढत राहायची, मागच्या तोंडातून टोक दिसेपर्यंत. टोक दिसलं, धरलं, मगच कॅथेटर आत.

हा हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल. पण व्हेंटिलेटर कोकलत असताना हिशेब करणारं डोकं दुसरीकडे गेलेलं असतं आणि हात सवयीने पुढे जात राहतो. माझं तेच झालं. हात बसला की काम सोपं होतं हे खरं, पण बसलेल्या हाताला धन्याची गरज उरत नाही, हेही तितकंच खरं. नवशिक्या मुलाची तार सुटण्याची भीती मला कमी वाटते, कारण तो घाबरून ती मुठीत आवळून धरतो. वर्ष-दीड वर्ष झालेल्यांकडे माझं जास्त लक्ष असतं.

सुटलेली तार छातीच्या फोटोत दिसते. मणक्याच्या उजवीकडून खाली उतरत गेलेली बारीक, पांढरी, सरळ रेघ. पण फोटो बघणारा कॅथेटरचं टोक कुठं आहे, फुफ्फुसाला भोक तर पडलं नाही ना, एवढंच शोधत असतो. ती रेघ डोळ्यांसमोर असून नजरेत येत नाही. लाइन टाकल्यावर एका तोंडातून रक्त ओढलं जात नाही, सलाईन घालताना अडतं, अशी खूण बऱ्याचदा मिळते. ती "नळी वाकली असेल" म्हणून सोडून देऊ नये. तार वेळेवर लक्षात आली तर फास असलेली दुसरी तार जांघेतून घालून ती पकडून बाहेर काढता येते. ते काम कॅथलॅबचं.

तर कॅथलॅब. सकाळी साडेआठची वेळ, अंगावर शिशाचा ॲप्रन, खोलीत हुडहुडी भरेल असा एसी. टेबलावर पन्नाशीचे एक गृहस्थ. हृदयाच्या डाव्या रोहिणीत अडथळा होता, तो तारेवरून बलून नेऊन उघडायचा होता. मनगटातून वाट केली होती. मी मुद्दाम डॉक्टरांच्या मागे उभी राहिले नाही. टेबलाच्या पायथ्याशी, सिस्टर आणि टेक्निशियन असतात तिथं उभी राहिले.

त्या बाजूने सगळं वेगळंच दिसतं. डॉक्टरांची नजर पडद्यावर, तारेच्या पुढच्या टोकावर. हृदयाची तार ०.०१४ इंच जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. लांबी दोन मीटरच्या जवळपास. शरीरात गेलेला भाग सोडला तरी हातभर तार बाहेर उरते, आणि तिला स्वतःची मर्जी असते. गुंडाळीतून सुटली की उसळी मारते, टेबलाखाली जाते, कुणाच्या तरी टोपीला लागते आणि बाद होते. सिस्टरांनी टेबलावर ओला टॉवेल अंथरला होता. तारेची शेपटी त्या ओल्या टॉवेलच्या घडीखाली सरकवत होत्या, दर वेळी, न चुकता.

"कोरडी ठेवायची नाही," त्या म्हणाल्या. "रक्त वाळलं की तिच्यावर बारीक गुठळी धरते. पुढचा बलून त्याच तारेवरून आत जाणार, तो ती गुठळी घेऊन जाणार." रक्त गोठू न देणारं हेपॅरिन घातलेल्या सलाईनची वाटी जवळ होती. बलून बदलायच्या आधी त्या ओल्या गॉजने तार एका दिशेने पुसून घेत.

काही तारांवर पाणी धरणारा लेप असतो. कोरड्या असताना त्या मोज्याला चिकटतात, ओल्या झाल्या की शेवाळलेल्या पायरीसारख्या निसरड्या होतात. अडलेल्या वाटेतून त्या सहज पुढे जातात, हा त्यांचा गुण. कळू न देता पुढे जातात, हा दोष. अशी तार धातूच्या सुईतून मागे ओढली तर सुईच्या धारेने तिचा लेप सोलला जाऊन आत राहू शकतो, म्हणून त्या वाटेने ती मागे घ्यायचीच नाही. आणि तिचं टोक पडद्याच्या चौकटीबाहेर गेलं असताना कुणी बलून ओढला तर टोक नकळत बारीक फांदीत घुसून तिला भोक पाडतं. टेबलावर काहीच कळत नाही. पेशंट वॉर्डात जातो, नातेवाईक चहा प्यायला जातात, तासाभराने रक्तदाब पडायला लागतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत थेंब थेंब रक्त साठलेलं असतं.

म्हणून बलून बाहेर काढणं हे दोघांचं काम. डॉक्टर बलून मागे ओढणार, त्याच वेळी दुसरा माणूस तारेचं मागचं टोक जिथल्या तिथं स्थिर धरणार. दोघांचा वेग सारखा हवा. "टोक बघतोय," टेक्निशियन म्हणाला. "वायर पुढं जातीय सर, एक मिनिट." सर थांबले. पंचविशीतल्या टेक्निशियनने थांबा म्हणावं आणि वीस वर्षं काम केलेल्या डॉक्टरांनी हात थांबवावा, हे मी तिथं पाहिलं. त्या खोलीतलं सगळ्यात महागडं यंत्र क्ष-किरणांचं असेल, पण पेशंटच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं मला ते वाक्य वाटलं.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. सिरिंज नळीला जोडताना सिस्टरांनी आधी नळीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब येऊ दिला, सिरिंजच्या तोंडाशी सलाईनचा थेंब आणला, थेंबाला थेंब भिडवला आणि मग जोड फिरवला. मध्ये हवा शिरायला जागाच नाही. सिरिंज उभी धरून टिचकी मारली, बुडबुडे वर गेले, मगच द्रव आत. हृदयाच्या रोहिणीत हवेचा एक बुडबुडा गेला तर तेवढ्या भागाचं रक्त क्षणभर तुटतं. त्या थेंबाला थेंब लावताना सिस्टर श्वास रोखतात, असं मला वाटलं.

अडलं की थांबायचं, हा या कामाचा दुसरा पाठ. तारेचं टोक अडकलेलं असताना मागून एकाच दिशेने पीळ देत राहिलं तर टोक तुटतं. मिरजेत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या गावाला दोन गोष्टींची ओळख आहे, दवाखाने आणि तंबोरे. सतारमेकरांच्या दुकानात तार चढवताना एकदा तिला मोड पडला. कारागिराने ती बोटांतून एकदा फिरवली आणि बाजूला टाकली. सरळ करून बघायचा विचारही केला नाही. मोड पडलेली तार त्याच जागी तुटते. आमच्या तारेचं, म्हणजे गाईडवायरचंही, तसंच. मोड आला की ती गेली. वाद्याची तार आणि ही तार यांचं नातं जुनं आहे. पायाच्या रोहिणीतला अडथळा शस्त्रक्रियेशिवाय उघडणारा पहिला माणूस चार्ल्स डॉटर. अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी १६ जानेवारी १९६४ रोजी त्याने ८२ वर्षांच्या एका बाईंचा कापायला निघालेला पाय वाचवला. तो सुरुवातीला गिटारच्या तारांपासून गाईडवायर बनवून बघत असे. ते ऐकल्यापासून सतारमेकर गल्लीतून जाताना मला तो आठवतो.

आता नको वाटणारी गोष्ट. २००४ साली अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात ६९ वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा बुजवण्याचं काम चालू होतं. टेबलावर तीन भांडी होती. एकात सलाईन, एकात फोटोसाठीचं औषध, एकात कातडी पुसायचं जंतुनाशक. पूर्वी तिथं तपकिरी आयोडीन असे, ते नजरेला वेगळं दिसे. थोड्याच दिवसांपूर्वी ते बदलून रंगहीन क्लोरहेक्सिडीन आणलं होतं. तिन्ही भांड्यांत पाण्यासारखा द्रव, एकावरही चिठ्ठी नाही. जंतुनाशक सिरिंजमध्ये भरलं गेलं आणि रोहिणीत गेलं. बाई त्याच महिन्यात गेल्या. तिथं कुणाचाही हात अडाणी नव्हता. रुग्णालयाने चूक लपवली नाही, जाहीर कबूल केली आणि कामाची पद्धत बदलली. मी आमच्या ट्रेवरच्या वाट्यांना चिठ्ठ्या लावायला सांगते तेव्हा मुलं कधी कधी एकमेकांकडे बघतात. मग मी त्यांना ही तीन भांडी सांगते.

आपल्याकडचं एक दुखणं याला जोडूनच आहे. तारेच्या आणि कॅथेटरच्या पाकिटावर गोलात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असते. अर्थ सरळ आहे: दुसऱ्यांदा वापरायचं नाही. तरी वायूने निर्जंतुक करून या वस्तू पुन्हा वापरल्या जातात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधून दिली, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. तारा आणि कॅथेटर त्या आदेशात नव्हती. गरीब पेशंटचा खर्च कमी व्हावा म्हणून कुणी पुन्हा वापरतो, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि ज्यांच्या तोंडून ऐकला त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण वापरलेल्या तारेचा लेप किती उरला, आतल्या गाभ्याला कुठं मोड आला, नळीच्या पोकळीत काय चिकटून राहिलं, हे डोळ्यांनी दिसत नाही. आणि ज्याच्या शरीरात ती जाणार त्याला कुणी विचारलेलं नसतं. बिल मात्र नव्या तारेचं लागत असेल, तर त्याला एकच नाव आहे.

आमच्या विभागात आता लाइन टाकल्याच्या कागदावर एक ओळ छापून घेतली आहे: तार पूर्ण बाहेर काढली, दोघांनी पाहिली. खाली दोन सह्या. एक डॉक्टरची, एक सिस्टरची. सुरुवातीला कुरकुर झाली. सिस्टरांचीच जास्त झाली. चूक तुमची, सही आमची का, असं त्यांचं म्हणणं. रास्त होतं. मी त्यांना माझी ती रात्र सांगितली. मग एक सीनियर सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे आम्ही 'तार कुठंय' विचारलं तर कुणी डोळे वटारणार नाही ना, तेवढं लिहून द्या." ते लिहून दिलं. नोटीस बोर्डावर अजून आहे.

त्या रात्री आयसीयूत अळीमिळी गुपचिळी झाली होती. सीनियर म्हणाले, "निघाली ना? मग सोड." केसपेपरवर "उजवी बाजू जमली नाही, डावीकडून लाइन टाकली" एवढंच लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात त्याच आयसीयूत माझ्या जागी दुसरी मुलगी उभी होती, तोच व्हेंटिलेटर, तोच सैल जोड, आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. आजोबा घरी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. "पोरी, रात्रभर उभी होतीस गं." मी मान खाली घातली. त्यांना सांगायला हवं होतं. मानेच्या दोन्ही बाजूंना टोचल्याच्या खुणा का आहेत, एवढं कळण्याचा त्यांना हक्क होता.

विभागात एक साधी वही ठेवली आहे. थोडक्यात टळलेल्या गोष्टी तिच्यात लिहायच्या. नाव नको, काय झालं, कसं लक्षात आलं, पेशंटला सांगितलं का, एवढे रकाने. पहिले दोन महिने वही कोरी राहिली. मग एका रविवारी बसून पहिल्या पानावर मी माझी नोंद लिहिली. वेळ: रात्री अडीच. पेशंट: पुरुष, साठीपुढचे. तार कॅथेटरच्या आत गेली, चिमट्याने दाबून दोन्ही एकत्र काढलं. लक्षात कुणाच्या आलं: सिस्टरांच्या. पेशंटला सांगितलं का: नाही.